हलतं, पण डोलत नाही

मास्तरांची तक्रार एका वाक्याची होती. "हे हलतं रे, पण डोलत नाही."

चतुर्थी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. फोंड्याच्या बाजारामागच्या माझ्या खोलीत एरवी येतात ते अँप्लिफायर, मिक्सर आणि भजनी मंडळांचे फुटके स्पीकर. त्या दिवशी मास्तर जुन्या चादरीत गुंडाळून एक राखाडी प्लॅस्टिकचा कीबोर्ड घेऊन आले. चादर सोडली आणि मी हातातलं सोल्डर खाली ठेवलं. रोलँड एसएच-१०१. १९८२ सालचं मॉडेल, ३२ पट्ट्या, एकच ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं सर्किट, आणि एका वेळी एकच सूर. गिटारसारखा गळ्यात अडकवून वाजवता येईल असा बेत करून केलेला. मी फोटोत पुष्कळ पाहिला होता, उघडला कधीच नव्हता.

मास्तर पेटीवाले. उत्सवी नाटकांना आणि मैफलींना पन्नासेक वर्षं साथ केलेली. हा कीबोर्ड त्यांच्या भाच्याने फार पूर्वी हणजूणच्या किनाऱ्यावर एका परदेशी माणसाकडून घेतला होता. पावसाळ्याआधी घरी परतताना सामान हलकं करायचं म्हणून ती मंडळी काय वाटेल ते विकायची. नव्वदच्या दशकात त्या किनाऱ्यावर जे संगीत वाजायचं त्यात असल्या यंत्रांना मोठा मान. भाच्याचा नाद चार महिन्यांत ओसरला आणि यंत्र माळ्यावर गेलं. मास्तरांनी ते खाली काढलं ते एकाच कारणासाठी: त्यात मींड निघते. पट्टीवरून पट्टीवर जाताना सूर घसरत जातो.

पेटीवाल्याला मींड म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पेटीत सुटे सूर, मधलं काही नाही. याच दोषावर बोट ठेवून १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केलं, आणि ते किलकिलं झालं १९७१ मध्ये. मास्तर त्या वादाविषयी अजून अशा आवाजात बोलतात, की जणू परवाच त्यांना स्टुडिओच्या पायरीवरून परत पाठवलंय.

तर त्यांना हवा होता दरबारी कानडा रागातला गंधार. नाटकातल्या एका प्रवेशामागे, संवाद चालू असताना, खालच्या सप्तकात लांब धरलेला. यंत्रात मींड होती, कंपही होता. तो कंप लावून त्यांनी मला कोमल गंधार ऐकवला आणि लगेच गळ्यातून गाऊन दाखवला. फरक माझ्यासारख्या कानालाही कळला. यंत्राचा गंधार थरथरत होता. मास्तरांचा गंधार रिषभाकडे झुकून परत येत होता.

मी घड्याळ लावून मास्तरांना पुन्हा गायला सांगितलं. दहा सेकंदांत सतरा झोके, म्हणजे सेकंदाला पावणेदोनच्या आसपास. पाश्चात्त्य गाण्यातला व्हायब्रेटो सेकंदाला पाच-सहा असतो. पण वेग कमी करणं सोपं आहे, त्यासाठी स्लायडर आहेच. खरी गोम दुसरीकडे होती. ट्युनर समोर धरला तेव्हा दिसलं की यंत्राचा कंप मूळ सुराच्या जेवढा वर जातो तेवढाच खाली जातो. मास्तरांचा गळा मूळ सुराच्या वर जातच नव्हता. सूर हे छत, झोका फक्त खाली.

इथे कोणी विचारेल, की मग डावीकडचा बेंडर हाताने खाली-वर करायचा, एवढा खटाटोप कशाला? मास्तरांनी तेच केलं होतं, महिनाभर. चाळीस वर्षांचा तो दांडा सोडला की मधल्या जागी परत येतो खरा, पण दर वेळी त्याच मधल्या जागी येत नाही. कधी पाच सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) वर, कधी आठ खाली. पेटीवाल्याचा कान ते सहन करत नाही.

आधी दुरुस्ती

बदल करण्याआधी यंत्र मूळ अवस्थेत आणायचं, हा माझा नियम. आधीच्या कोणाच्या तरी करामतीवर आपली करामत चढवली की पुढे कोणाची चूक कोणती ते कळत नाही. आणि इथे कोणीतरी करामत केलेली होतीच. मागच्या बाजूला एक छोटा टॉगल स्विच, त्याच्या दोन तारा आत, आणि टोकाला गरम गोंदाचा गोळा.

एलएफओ, म्हणजे कंप देणारी मंद लाट, स्लायडर अगदी खाली असूनही सेकंदाला एकदा झुलत होती. या यंत्रात ती दहा सेकंदांना एक इतकी मंद व्हायला हवी आणि वरच्या टोकाला सेकंदाला तीस. कोणीतरी ती जलद करण्यासाठी वेळ ठरवणारा कॅपॅसिटर काढून दहावा हिस्सा बसवला होता, आणि स्विचने मूळचा जोडायची सोय ठेवली होती. ती एक तार गंजून तुटली होती. हणजूणच्या पार्ट्यांसाठी केलेला बदल असणार. कंप इतका जलद केला की सुराची धार बदलते, कर्कश होते. मात्र त्या भल्या माणसाच्या ध्यानात एक गोष्ट आली नसावी. या यंत्रात हीच एक लाट आर्पेजिओचं आणि सीक्वेन्सरचंही, म्हणजे आपोआप सूर वाजवणाऱ्या सोयींचंही, घड्याळ आहे. कंप दहापट केला की तालही दहापट पळतो.

ती गोष्ट माझ्या मात्र कामाला आली. मूळ एलएफओला हात लावायचा नाही, हे तिथेच ठरलं.

मूळ किमतीचा कॅपॅसिटर परत बसवला, स्विच काढून पाकिटात ठेवला. बाकी दुरुस्ती गोव्यातल्या कुठल्याही जुन्या यंत्राची असते तशीच. खारी हवा, बुरशी, आयसीच्या पायांवर हिरवट थर. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश. स्लायडरच्या आतलं ग्रीस मेणासारखं झालं होतं. उघडून, पुसून, नवं लावलं. दोन दिवस गेले. पट्ट्यांखालचे रबर मात्र अजून चांगले होते, याचं मला आश्चर्यच वाटलं.

कुठे टोचायचं

आता मुख्य काम. या यंत्राच्या ऑसिलेटरमध्ये सीईएम ३३४० ही कर्टिस कंपनीची आयसी आहे. त्या काळातल्या कितीतरी नामांकित यंत्रांत हीच. तिच्या १५ नंबरच्या पायाला मी संगम म्हणतो. पट्टीचा व्होल्टेज, ट्यूनिंगचा, बेंडरचा, कंपाचा, असे सगळे आपापल्या रेझिस्टरमधून तिथे येतात आणि त्यांची बेरीज होऊन सूर ठरतो. हिशेब असा की १०० किलोओहममधून १ व्होल्ट आला तर सूर एक सप्तक वर जातो. म्हणजे अर्धा स्वर, १०० सेंट, हा जेमतेम ८३ मिलिव्होल्टचा खेळ. आणि चांगल्या कानाला तीन-चार सेंट कळतात, म्हणजे तीन मिलिव्होल्ट. इतक्या नाजूक जागी टोचायचं म्हणजे सुई बारीक हवी.

मी रेझिस्टर घेतला २.२ मेगओहमचा, १०० किलोओहमच्या बावीसपट. त्यातून एक व्होल्ट गेला तर सूर ५४-५५ सेंटच सरकतो. माझ्या बोर्डात काही मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले, तरी तीही गडबड बाविसाव्या हिश्शाने कमी होऊन पोहोचते. मोठा रेझिस्टर हीच इथली शिस्त.

तरी पहिल्या दिवशी फजिती झालीच. हा रेझिस्टर मी माझ्या झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या कोऱ्या बोर्डवर, लावला आणि तिथून वीतभर तार १५ नंबरच्या पायापर्यंत नेली. यंत्र चालू केलं, तर सुराच्या मागे डास गुणगुणल्यासारखा आवाज. हे यंत्र सहा मोठ्या सेलवर किंवा ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतं आणि आत एक छोटा कन्व्हर्टर त्यातून बाकीचे व्होल्टेज तयार करतो. त्याची किणकिण माझी तार अँटेनासारखी उचलत होती. रेझिस्टर काढला आणि उलट टोकाला, आयसीच्या अगदी शेजारी नेऊन बसवला. तार तेवढीच, पण आता तिच्या आणि संगमाच्या मध्ये २.२ मेगओहमचा पहारा. डास गेला. आयसीच्या पायाला थेट सोल्डर लावला नाही. तिथे येणाऱ्या दुसऱ्या रेझिस्टरच्या टोकाला चिकटवला, म्हणजे काढायचा झाला तर एका स्पर्शात निघेल. ही आयसी २०१६ पासून पुन्हा बनते, लॅटव्हियातल्या कंपनीची जुळी आवृत्तीही मिळते, त्यामुळे जळली असती तरी आकाश कोसळलं नसतं. पण चाळीस वर्षं चाललेली वस्तू आपल्या हातून जळावी असं कोणाला वाटेल?

दोन प्रयत्न जे फसले

स्वतंत्र लाट बनवायला एक टीएल०७४ पुरली. तिच्यात चार ऑपअँप (व्होल्टेजची तुलना, बेरीज, वाढ करणारी छोटी सर्किटं) असतात. पहिले दोन मिळून त्रिकोणी लाट करतात: एक चढ-उतार काढतो, दुसरा "आता वळ" सांगतो. वेळेसाठी १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कॅपॅसिटर. इथे इलेक्ट्रोलिटिक चालत नाही, कारण व्होल्टेज दोन्ही दिशांना फिरतो. रेझिस्टर १०० किलोओहम पक्का आणि त्यापुढे १ मेगओहमचा पॉट (दांडी फिरवून रोध बदलतो तो), त्यामुळे वेग सेकंदाला अर्ध्या झोक्यापासून पाचपर्यंत. वळ सांगणाऱ्या ऑपअँपच्या तोंडाशी ५.१ व्होल्टचे दोन झेनर पाठीला पाठ लावून, म्हणजे पुरवठा थोडा खाली-वर झाला तरी लाटेची उंची तीच राहावी. लाट मिळाली २.७ व्होल्ट वर, २.७ खाली.

तिसऱ्या ऑपअँपने ती उलटी केली आणि २.७ व्होल्टने खाली ढकलली. आता लाट शून्यापासून उणे ५.४ पर्यंत. शून्य म्हणजे पट्टीचा सूर, छत. कागदावर काम झालं होतं.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी गंधार दाबला, मान हलवली. पुन्हा दाबला. "दर वेळी वेगळ्याच ठिकाणी सुरू होतंय."

बरोबर होतं. माझी लाट आपल्या नादात फिरत असते, पट्टी केव्हा दाबली याच्याशी तिला देणंघेणं नाही. कधी पट्टी दाबली तेव्हा लाट वर, कधी तळाशी. तळाशी असली की गंधार चक्क बेसूर उमटायचा. मी म्हटलं, हे सोपं आहे. पट्टी सुटली की कॅपॅसिटर रिकामा करायचा, म्हणजे दर वेळी लाट एकाच ठिकाणाहून सुरू होईल. ४०६६ ही स्विचची आयसी लावली, गेटच्या, म्हणजे पट्टी दाबलेली आहे की नाही ते सांगणाऱ्या, व्होल्टेजवर चालवली. परत ऐकलं. आता गंधार दर वेळी छताच्या खाली, बरोबर मध्यावर सुरू व्हायचा, कारण रिकामा कॅपॅसिटर म्हणजे लाटेचा मध्य. आणि तिथून कधी वर जायचा, कधी खाली. कारण कॅपॅसिटर विसरला तरी वळ सांगणारा ऑपअँप विसरत नाही. शेवटी आपण कुठल्या दिशेला होतो ते त्याला आठवत असतं. त्याचीही आठवण पुसायला आणखी दोन ट्रान्झिस्टर लागणार होते. मी आकृती काढायला घेतली.

मास्तर चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "तू उगाच सुरुवातीच्या मागे लागलायस. आंदोलन सुरुवातीला नसतंच. आधी सूर लागतो. तो लागला, ठरला, की मग डोलतो."

हे वाक्य मी मनातल्या मनात सर्किटच्या भाषेत ऐकलं आणि आकृतीचा कागद फाडला. लाट कुठूनही सुरू होऊ दे. सुरुवातीला तिची मात्रा शून्य असली, तर ती कुठे आहे याला अर्थच उरत नाही. आणि लाट शून्याच्या खालीच असल्यामुळे मात्रा वाढवत नेली तरी छत हलत नाही. ४०६६ काढली.

मात्रा हळू वाढवायला एलईडी आणि एलडीआर, म्हणजे उजेडाने रोध बदलणारा रेझिस्टर. दोन्ही तोंडाला तोंड लावून काळ्या श्रिंक ट्यूबमध्ये बंद. एलईडी उजळला की एलडीआरचा रोध काही मेगओहमवरून दोन किलोओहमवर येतो. लाट एलडीआरमधून पुढे, तिथून १० किलोओहम जमिनीला, आणि मग चौथा ऑपअँप बफर म्हणून. एलडीआर सरळ संगमाला जोडला नाही, कारण तिथे मेगओहमचेच व्यवहार आहेत. अंधारातला एलडीआरही थोडा झिरपला असता आणि सूर कायमचा खाली बसला असता. १० किलोओहमच्या जोडीने मात्र अंधारात लाटेचा पाचशेवा हिस्साही शिल्लक राहत नाही.

पट्टी दाबली की अर्ध्या सेकंदाने एलईडी उजळायला लागायचा. गंधार लागला, ठरला, डोलला. मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं.

मग त्यांनी षड्जावर न्यास केला, म्हणजे तिथे येऊन थांबले. अर्ध्या सेकंदाने षड्ज डोलायला लागला.

मास्तर हसले नाहीत. "षड्ज हलला तर गाणाऱ्याने उभं कुठे राहायचं?"

दरबारीत आंदोलन गंधाराला आणि धैवताला. षड्ज, पंचम हे खुंटे. यंत्राला हे कोण सांगणार? कोणती पट्टी दाबली ते ओळखून निवड करणारं सर्किट करता आलं असतं, पण उद्या मास्तरांनी गाण्याची पट्टी, म्हणजे षड्जाची जागा, बदलली, काळी दोनवरून काळी चारला गेले, की पुन्हा सगळं उलटंपालटं. आणि खरं सांगायचं तर सूर डोलवायचा की नाही हे वाजवणाऱ्याने ठरवायचं असतं. मी ते गेटवर सोडून बसलो होतो.

डावा हात

उत्तर माझ्या समोर दोन आठवडे बसलं होतं. मास्तर उजव्या हाताने वाजवताना त्यांचा डावा हात टेबलावर हळूहळू मागे-पुढे होत असे. पन्नास वर्षांची सवय. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, आणि या यंत्राला भाता नाही. तो हात बेकार होता.

म्हणून एक भाता केला. गावातल्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या मेस्ताकडून सागवानी दोन फळ्या, वीतभर लांबीच्या, एका बाजूला बिजागरी, बाकी तिन्ही बाजूंना पेटीच्या भात्याचंच मऊ कातडं. आत एक स्प्रिंग. वरच्या फळीला खालून काळा जाड पुठ्ठा, तिरका कापलेला. खालच्या फळीवर एलईडी आणि एलडीआर समोरासमोर. फळी वर असताना पुठ्ठा दोघांच्या मध्ये, काळोख. फळी दाबत गेलं की तिरका काठ सरकतो आणि प्रकाश थोडा थोडा पलीकडे जातो. श्रिंक ट्यूबमधली जोडी आता या लाकडी डबीत आली. गेटची तार कायमची सुटली.

स्लायडर किंवा पॉट का नाही वापरला, असं मला एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने विचारलं. घासणारा संपर्क असलेली कुठलीही वस्तू या हवेत दोन पावसाळ्यांत खरखरायला लागते. पुठ्ठा आणि उजेड यांच्यात घासण्यासारखं काही नाही. एलईडी तीन मिलिअँपच्या आत ठेवला, कारण आतल्या त्या बिचाऱ्या कन्व्हर्टरवर आणखी किती भार टाकायचा?

एक बारकी सुधारणा राहिली होती. त्रिकोणी लाट वरच्या आणि खालच्या टोकाला कोपरा करून वळते. मंद झोक्यात तो कोपरा ऐकू येतो, पाळणा भिंतीला लागून परत यावा तसा. तिसऱ्या ऑपअँपच्या १०० किलोओहमच्या फीडबॅकला ०.२२ मायक्रोफॅरड जोडला, कोपरे गोल झाले. पण गोल होताना टोकं झिजली, म्हणजे लाटेचं वरचं टोक शून्याला पोहोचेना. गंधार तीन-चार सेंट खालूनच परत फिरायचा. प्रीसेट, म्हणजे बोर्डवरचा छोटा पॉट, फिरवून छत पुन्हा सुरावर आणलं, या वेळी ट्युनर बाजूला ठेवून, मास्तरांच्या कानावर. नंतर ट्युनर लावून पाहिला. काटा मधोमध होता.

झोक्याची खोली त्यांनी ठरवली ती साधारण ७० सेंट. अर्ध्या स्वरापेक्षा कमी, म्हणजे शुद्ध रिषभाला स्पर्श नाही, नुसता त्याच्याकडे झुकाव. इथे एक फायदा अनायासे झाला. यंत्राच्या पट्ट्या बारा समान भागांच्या, आणि त्यातला कोमल गंधार दरबारीला चढा वाटतो. आता सूर सतत छताच्या खालीच झुलत असल्यामुळे कानाला तो एकूणच उतरलेला भासतो. मी हे योजलं नव्हतं. मास्तरांनी मात्र ते पहिल्या झोक्यालाच ओळखलं आणि मला श्रेय देऊन टाकलं, ते मी घेतलं.

बोर्ड कुठे बसवायचा हा प्रश्न सुटायला वेळ लागला नाही. मास्तर सेल वापरत नाहीत, अडॅप्टरवर वाजवतात. सेलचा कप्पा रिकामा होता, बोर्ड तिथे अलगद बसला. झाकणाच्या जागी ॲक्रिलिकचा तुकडा कापून लावला, त्याच्यात भात्याच्या केबलसाठी एक जॅक आणि वेगाच्या पॉटची दांडी. मूळ प्लॅस्टिकला एकही नवं भोक नाही.

मांडवात

जत्रेच्या रात्री, देवळासमोरच्या मांडवात, पहिला प्रयोग. मी मागे बसलो होतो, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात मास्तरांनी षड्ज धरला, डावा हात मांडीवर, आणि षड्ज किंचित डोलायला लागला. फार नाही, आठ-दहा सेंट. प्रेक्षकांत कोणाला कळलं नसेल. मास्तरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

भाता कोणी दाबत नव्हतं. केबलही ठीक होती. मग लक्षात आलं: प्रवेश बदलला की वरचा हॅलोजन लागतो, आणि तो लागला की षड्ज डोलतो. बिजागरीच्या फटीतून उजेड आत जात होता. कातडं तिन्ही बाजूंनी होतं, चौथ्या बाजूची ती फट माझ्या खोलीतल्या एका ट्यूबलाइटखाली कधी जाणवलीच नव्हती. अंक संपेपर्यंत एका नटाच्या काळ्या शेल्याची घडी फटीवर टाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी मेस्ताने बिजागरीच्या आतून काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली. मी भाता भर दुपारी उन्हात ठेवून तपासला. बंद फळीवर षड्ज एक सेंटही हलला नाही.

त्यानंतर यंत्र दोनदा माझ्याकडे आलं. एकदा मे महिन्यात, उकाड्याने छत दोन सेंट वर सरकलं होतं. प्रीसेट पाव वळणाने फिरवला. दुसऱ्यांदा पावसाळा सुरू होताना, पिशवीत सिलिका जेल घालून ठेवायला. तेव्हा मास्तरांनी विचारलं, की धैवताचा झोका गंधारापेक्षा थोडा मंद हवा, तो भात्यावरूनच कमी-जास्त करता येईल का. येईल, वेगाच्या पॉटच्या जोडीला आणखी एक एलडीआर लागेल. पण मग एकाच हाताने खोली आणि वेग दोन्ही सांभाळावे लागतील. मी भात्याची फळी त्यांच्यापुढे ठेवली आणि ती दाबताना त्यांचं मनगट आणखी कुठल्या दिशेला मोकळं राहतं ते बघत बसलो.

ॲक्रिलिकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पाकीट चिकटवलेलं आहे. त्यात हणजूणचा तो टॉगल स्विच, छोटा कॅपॅसिटर, माझ्या सर्किटची आकृती आणि एक ओळ: २.२ मेगओहम काढला की यंत्र मूळचं. सेलच्या कप्प्याचं मूळ झाकण मास्तरांच्या घरी देवघराच्या फडताळात आहे.